कोब्यावर सारवण

संदेश सकाळीच गाडी घेऊन मुरबाडला गेला. गॅरेजच्या जमिनीला लावायचा चकचकीत रंग आणि तो लावणारा माणूस, दोन्ही घेऊन दुपारी यायचा होता. जाताना बापाला, कुंडलिकला, म्हणाला, "बाबा, गॅरेज झाडून ठेवा फक्त. आणि भात यंदा झोडायला मशीनला देऊ."

गाडी वळणाआड गेली तसा कुंडलिक गोठ्यातून पाटीभर शेण घेऊन आला.

गॅरेजच्या जागी पूर्वी खळं होतं. तीन वर्षांपूर्वी संदेशनं त्यावर सिमेंटचा कोबा घातला, वर पत्रे टाकले. कुंडलिकच्या बायकोनं, लहानीनं, तेव्हा ते होऊ दिलं. पण भात कापून झालं तेव्हा तिनं गाडी बाहेर काढायला लावली आणि कोबा शेणानं सारवून काढला. "सिमिटाची कचकच भातात येते. मी नाय खायची," म्हणाली. मग दर वर्षी तेच. यंदाही आषाढात लावणी तिनंच केली. श्रावणात दोन दिवस तापानं पडली आणि गेली. आता तेच भात कापून, भारे बांधून शेतात पडलं होतं.

तिच्या हातचं शेवटचं भात तिच्याच खळ्यावर झोडायचं, एवढंच कुंडलिकला हवं होतं. एकदा रंग बसला की संदेश तिथं शेणाचं बोटही लागू देणार नव्हता.

पण सारवणं त्याला येत कुठं होतं? जन्मात कधी केलं नव्हतं. गुडघे टेकून त्यानं एक कोपरा सारवला. दाराकडून ऊन आलं, आणि तासाभरात सारवण सुटून वर आलं. गाडीचं तेल सांडलं होतं तिथं तर शेण धरेचना.

कुंपणापलीकडून बारकी बघत होती. लहानीची मैत्रीण.

"काय ओ भावजी, पापड घातलेत काय?"

"हसू नको गो. सांग कसं करायचं ते."

"आधी तेलाचे डाग राखेनं घासा. मग कोबा पानी पिऊन गार होईल इतका भिजवा. शेणात माती घातली का?"

"नाय."

"लहानी निम्मी माती घालायची. येऊ का मी?"

"नको. तू नुसती बोल."

त्यानं वाळलेलं सगळं खरवडून काढलं. डाग घासले, पाणी मारलं, माती कालवली. या वेळी शेण धरलं.

"मागं मागं सरा," बारकी ओरडली, "नायतर आतच अडकून पडाल."

रस्त्यावर मोटारसायकल थांबवून धर्मा दारात येऊन उभा राहिला. कुंडलिकचा थोरला भाऊ.

"अरे, बाप्या माणूस सारवतो? लाज सोडलीस काय रे?"

"सोडली. बाजूला हो, उजेड अडवतोस."

दाराशी दोन हातांची पट्टी राहिली असताना गाडी आली. रंगवाला उतरला, आत डोकावला. "हे सगळं खरवडावं लागेल," म्हणाला.

"बाबा, काय केलंत हे?" संदेशनं पाऊल उचललं.

"बूट बाहेर! ओलं हाय."

"सांगितलं होतं ना, मशीनला देऊ म्हणून?"

"ते तुझ्या आईनं लावलंय. इथंच झोडायचं."

"बरं, या वर्षी झोडा. रंग नंतर लावू. पण पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी बी मी सारवीन. त्याच्या पुढच्या वर्षी बी. मी हाय तवर इथं रंग लागणार नाय."

संदेश जमिनीकडे बघत राहिला. आतल्या भिंतीशी सारवण ओबडधोबड होतं, दाराकडे येता येता जरा बरं झालं होतं. आईसारखं कुठंच नव्हतं.

"गाडी कुठं लावू मग?" त्यानं हळू विचारलं.

"आंब्याखाली. त्याआधी ह्या पाव्हण्याला सोड आणि रंगाचे डबे परत देऊन ये. डिकी मोकळी लागेल."

"कशाला?"

"उद्या भारे आणायचेत शेतातून."

एवढं बोलून कुंडलिकनं पाटीत हात घातला आणि राहिलेली पट्टी सारवायला घेतली.