पावणेआठचा काटा

मला जुना म्हणा, मित्रांनो, पण खोटारडा म्हणाल तर ऐकून घेणार नाही. मी आगीच्या बंबावरचा दाबमापक आहे. पितळेचं अंग, गोल काच आणि एक काटा. पंपातून पाणी किती जोराने बाहेर पडतंय, ते मी सांगतो. सव्वीस वर्षं सांगतोय.

पंप चालवणाऱ्या बाईंना सगळे ‘मास्तरीण’ म्हणत. रोज सकाळी त्या माझी काच पुसत आणि काटा शून्यावर येतो का, ते बघत.

एका दुपारी गाद्यांच्या कारखान्याला आग लागली. चौथ्या मजल्यावर दोन कामगार अडकले होते. मास्तरीणबाईंचा धाकटा दीर आमच्याच दलात जवान; तो पाइप घेऊन वर गेला. आमच्या केंद्राच्या साहेबांनी खालून फर्मावलं, “दाब सहा बार ठेवा!”

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला. “वहिनी, धार मरतेय! दारापर्यंतही पोचत नाहीये!”

बाई म्हणाल्या, “साहेब, पाइपच्या टोकाला नोझलपाशीच पाच बार लागतात. तीन पाइपांच्या घर्षणात दीड जातो. चार मजले चढायला सव्वा. पावणेआठ झाले. सहात कसं भागेल?”

“आजवर सहावरच भागलंय. जुने पाइप फुटले तर?”

“मागच्याच आठवड्यात मी दहावर तपासलेत.”

“आणि हा म्हातारा काटा? त्याचा काय भरवसा?”

माझं पितळ तापलं, मित्रांनो! पण बाईंनी वाद घातला नाही. माझ्यावर नजर रोखून त्यांनी सावकाश दाब वाढवला. साडेसहा, सात, पावणेआठ. मी तिथे ठाम उभा राहिलो. पाइप टणक झाले, पण एकही फुटला नाही. वरून आवाज आला, “आली! आली धार!”

थोड्या वेळाने काजळलेल्या तोंडाचे दोन कामगार जिना उतरले. मागून दीर, खोकत खोकत.

पुढे चौकशी झाली. “कोणाच्या हुकमावरून दाब वाढवला?”

“गणिताच्या,” बाई म्हणाल्या. त्यांना लेखी ताकीद मिळाली. त्यांनी कागदावर सही केली, पण माफी मागितली नाही.

नवा बंब आला तेव्हा साहेबांनी मला भंगारात काढलं. बाईंनी मला ढिगातून उचललं आणि प्रशिक्षणाच्या पंपावर बसवलं. आता नव्याने भरती झालेले जवान माझ्यासमोर बेरीज मांडतात.

तेव्हा मित्रांनो, जुन्या यंत्राची काच पुसत जा, त्याला वेळेवर तपासत जा. आणि त्याने सांगितलेला आकडा आवडला नाही, तर त्याच्यावर डोळे वटारू नका. काटा कोणाच्या हुद्द्याला भीत नाही.