चार बोटांची वाट

समुद्र न पाहताच हर्षाने एकतीस वर्षं भरती-ओहोटी शिकवली. सौंदडजवळच्या एका शाळेत दरवर्षी ती फळ्यावर पृथ्वी काढायची, चंद्र काढायची, पाण्याचा फुगवटा काढायची, आणि दरवर्षी एखादं पोरगं विचारायचंच, "मॅडम, तुम्ही पायला का समुद्र?" ती म्हणायची, "नाही. चोरखमाऱ्याचं तळं पाहिलं आहे." वर्ग हसायचा आणि ती पुढची आकृती काढायला घ्यायची.

म्हणून निवृत्तीनंतरच्या पहिल्या जानेवारीत नीतूचा फोन आला तेव्हा तिने 'समुद्र' हा शब्द तिला दोनदा म्हणायला लावला. नीतू तिची जुनी विद्यार्थिनी. आता नागपुरात हातकामाच्या वस्तूंची प्रदर्शनं भरवायची. तिच्या ओळखीतल्या काही बायकांनी गोधडी शिवणाऱ्यांसाठी जहाजाची सहल काढली होती. कोचीहून निघायचं, पाच दिवस समुद्रावर, डेकवर बसून शिवायचं, एकमेकींचे टाके बघायचे. प्रत्येकीने आपल्या घरची एक गोधडी आणायची.

"अन् मॅडम, तुमची ती मागच्या खोलीतली," नीतू म्हणाली. "दिवाळीत मी फोटो काढला ना, पोपटी तुकड्यांची. सगळ्या पागल झाल्या तिच्यावर. पुढच्या शुक्रवारपर्यंत हो की नाही सांगा."

घरात ही बातमी जेवताना फुटली. वीरेंद्र, तिचा नवरा, धानाचा व्यापारी. त्याने भाताचा घास तसाच धरून विचारलं, "शिवाले समुद्रात कायले जा लागते? आपल्या धानाच्या बांधीत पाणी सोडतो, तिथं बस खाट टाकून."

सासूबाईंनी त्याच्यावर कडी केली. देवकाबाई चौऱ्याऐंशीच्या होत्या, पण जीभ विशीतली. "चाळीस वर्सं मी म्हणून राहिलो, बस वो बाई, दोन टाके घाल. तवा हिले टाइम नव्हता. आता जहाज आलं तं टाइम आला!"

"पस्तीसच वर्षं झाली मला येऊन, आई," हर्षा म्हणाली.

"पाय, मोजते कशी! जाजो बापा. पन उलटी झाली तं मासोळ्यायले दोष नोको देऊ."

म्हणजे नाही कोणीच म्हटलं नाही. फक्त कोणती गोधडी न्यायची हे हर्षाने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर देवकाबाईंनी जहाजच बुडवलं असतं.

ती गोधडी दामिनीची होती. दामिनी ही वीरेंद्रची धाकटी बहीण. हर्षा या घरात आली त्याच्या दुसऱ्या वर्षी, अवघी एकोणीस वर्षांची असताना, तापाने गेली. वर्षश्राद्ध झाल्यावर देवकाबाईंनी तिचे कपडे कापून ही गोधडी शिवली होती. या घरातली रीतच तशी. गेलेल्या माणसाचे कपडे दान करायचे नाहीत, त्यांची गोधडी करायची. शिवण काठापासून सुरू होऊन चौकोनी वळसे घेत आत आत जायची, आणि अगदी मधोमध चार बोटं जागा कोरी सोडायची. "ते वाट आहे," देवकाबाई म्हणायच्या. जुन्या कपड्यांतून काही चिकटून आलंच, तर त्याला निघून जायला वाट, असा अर्थ हर्षाने काढला होता आणि तो तिला गोडही वाटायचा. गोधडी मागच्या खोलीत खाटेवर घडी घालून असायची. दुपारचं जेवण झालं की देवकाबाई तिथे स्टुलावर बसून अर्धा तास हलक्या आवाजात बोलत. म्हातारपण, असं हर्षा स्वतःला सांगायची.

ती खोली थंड असायची. शाळेतून मोडीत निघालेला थर्मामीटर हर्षाने एकदा सगळ्या घरात फिरवला होता. मागची खोली बाकी घरापेक्षा दोन अंशांनी कमी, उन्हाळ्यातही. उत्तरेची भिंत आणि बाहेरचं जांभळीचं झाड, असं कारण तिने शोधलं आणि थर्मामीटर तिथेच खिळ्याला अडकवून टाकला.

शनिवारी देवकाबाई भाचीकडे बारशाला म्हणून आमगावला गेल्या. हर्षाने लगेच गोधडी ओसरीवर आणली, लांबी-रुंदी मोजली, आणि वीरेंद्रच्या काट्यावर वजन केलं, कारण विमानात पंधरा किलोच्या वर सामान चालणार नव्हतं. दोन किलो आठशे साठ ग्रॅम. तिने सगळं नीतूला कळवलं. संध्याकाळी नीतूचा फोन.

"मॅडम, मधात शिवण राहिली आहे थोडी. ते लोक म्हणतात पूर्ण झालेलीच पाहिजे. बस इतकं करून टाका ना."

रविवारी सकाळी उन्हात बसून हर्षाने ते करून टाकलं. देवकाबाईंचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा असायचा. तिने तसाच घातला. शेवटची गाठ मारताना सुई एकदम जड लागली, जणू खालून कोणी धाग्याचं दुसरं टोक धरलं आहे. तिने ओढलं. गाठ बसली.

सोमवारी बॅगेचा अंदाज घ्यायला तिने गोधडी पुन्हा काट्यावर ठेवली. चार किलो शंभर.

काटा बिघडला असेल म्हणून तिने मिठाची एक किलोची पिशवी ठेवली. बरोबर एक किलो. सगळा धागा मिळून अर्धा ग्रॅमही भरला नसता. मग दमटपणा, असं म्हणून तिने गोधडी दिवसभर गच्चीवर उन्हात टाकली. उतरवताना तिला जिन्यात दोनदा थांबावं लागलं. सहा किलो आठशे.

मंगळवारी अकरा. बुधवारी एकोणीस. आकार तोच होता, घडी तेवढीच होती. हर्षाने ती उसवून पाहिली नाही. तिचा तळवा पोपटी तुकड्यांवर टेकला होता आणि कापड उबदार होतं. उन्हाची ऊब पसरलेली असते. ही एकाच जागी होती, मधोमध, आणि हात बाजूला केला की तिथलं कापड किंचित वर यायचं.

ती उठून मागच्या खोलीत गेली. खिळ्याला थर्मामीटर होता. मग ती पुढच्या खोलीत थर्मामीटर घेऊन आली आणि पाच मिनिटं उभी राहिली. दोन्हीकडे चोवीस. उत्तरेची भिंत जागच्या जागी होती आणि जांभूळही.

वीरेंद्र दुपारी जेवायला आला तेव्हा गोधडी ओसरीवर वाटेत होती. "कायले राहून राहिली हे इथं?" म्हणत त्याने ती दोन्ही हातांनी उचलली, आणि उचलून तसाच उभा राहिला. मग फार जपून, कोपरांपर्यंत हात खाली नेत, त्याने ती ठेवली.

"दगडं भरले का वो?" त्याने विचारलं, आणि मग हळू आवाजात म्हणाला, "माणूस उचलल्यावाणी लागते. झोपलेलं." त्याने हात धुतले आणि न जेवताच गोदामाकडे निघून गेला.

गुरुवारी सकाळी देवकाबाई आल्या. चप्पल काढली, पाणी प्यायल्या, बारशाच्या जेवणाला नावं ठेवली, "वरणात डाळ शोधा लागे," आणि बोलत बोलतच मागच्या खोलीत शिरल्या. बोलणं तिथे थांबलं.

हर्षा दारात गेली. सासूबाई खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. आपल्या चिमटीने हवा तपासावी तसा त्यांनी हात पुढे केला होता.

"खोली रिकामी झाली," त्या म्हणाल्या. "काय केलं तू?"

हर्षाने सांगितलं. जहाज, नीतू, फोटो, मधली शिवण. गोधडी तिने स्वतःच्या खाटेखाली सरकवून ठेवली होती. ती तिने ओढत आणली. फरशीवर कापड ओढल्याचा आवाज यायला हवा होता तसा तो नव्हता. टाच घासत येत असल्यासारखा होता.

देवकाबाई खाली बसल्या. मधल्या टाक्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. "माझ्यावानीच घातले," त्या म्हणाल्या, आणि मग एकदम, "उसव. आत्ताच्या आत्ता उसव."

हर्षाने ब्लेड आणलं. पातं टाक्याखाली सरकवलं आणि ती सहज, धीर द्यावा तसं म्हणाली, "उसवते, आई. जाऊ द्या तिला बाहेर. मोकळी होऊ द्या."

"बाहेर?" देवकाबाईंनी वर पाहिलं. "बाहेर कायले जाईन? वाट घरात येन्याची आहे. गोधडीतून निघाचं, घरात राहाचं, थकलं का परत निजाचं. माझ्या सासूनं मले हेच शिकवलं. घरचं माणूस घरातच पाहिजे. तिच्या बाबाचीबी ठेवली ना मी वाट, पुढच्या पेटीवर आहे ते."

पातं हर्षाच्या हातात थांबलं.

उदाराम, तिचे सासरे, बारा वर्षांपूर्वी गेले होते. त्यांच्या धोतरांची पांढरी गोधडी पुढच्या खोलीत पेटीवर होती, हे खरं. रोज ती तिच्यावरची धूळ झटकायची.

"म्हणजे दोघं याच घरात आहेत?"

"मंग? बाप-लेक आहेत. कुठं जातीन?"

हर्षाला ते पाकीट आठवलं. तेहतीस-चौतीस वर्षांत ती ते कधी पूर्ण विसरली नव्हती. नागपूरच्या नर्सिंगच्या शाळेतून दामिनीचं पत्र आलं होतं, प्रवेश मिळाल्याचं. सासऱ्यांनी ते धानाच्या कोठीमागे लपवलं आणि तारीख निघून जाईपर्यंत पोरीला सांगितलं नाही. दामिनी रोज टपालवाल्याची वाट पाहत अंगणात उभी राहायची, एक लहान बॅग भरून ठेवली होती तिने. हर्षाने झाडताना ते पाकीट पाहिलं होतं, वाचलं होतं आणि जागेवर ठेवून दिलं होतं. नवी सून होती. त्यानंतर दीड महिन्याने ताप आला.

"आई, मला पत्राचं माहीत होतं," ती म्हणाली. आपला आवाज तिला वर्गात सूत्र सांगावं तसा कोरडा वाटला. "वाचलं होतं मी. बोलले नाही."

देवकाबाईंनी कापडावरचा एक सुटा दोरा चिमटीत धरून तोडला. "मले वाचता येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "पन पाकीट लपवताना मीच कंदील धरला."

बाहेर कुठे तरी मोटारपंप सुरू झाला आणि बंद पडला. हर्षाने ब्लेड खाटेवर ठेवलं, फोन घेतला आणि तिथेच उभं राहून नीतूला लावला. "येते आहे मी," ती म्हणाली. "हो, पोपटीच. पूर्ण झाली आहे. वजन वाढलं आहे, विमानात जास्तीचे पैसे मी भरते."

"नाही!" देवकाबाईंनी गोधडीचा काठ दोन्ही मुठींत धरला. "नाही नेऊ देत मी. एकच पोरगी होती मले."

हर्षाने फोन ठेवला आणि समोरचा काठ धरला, नुसता धरला. ओढायची तिची इच्छा नव्हती, आणि काठ धरून बसलेल्या म्हातारीला फरफटवायची हिंमतही नव्हती. देवकाबाई मात्र ओढत होत्या. पाय भिंतीला लावून, दात घट्ट मिटून, सगळ्या जोराने. गोधडी त्यांच्याकडे बोटभरही सरकली नाही. मग ती सरकू लागली. हर्षाच्या दिशेने, हळूहळू, फरशीला धरून धरून. पोपटी तुकड्यांना एकामागून एक वर-खाली अशी लाट आली. हर्षाच्या हातातला काठ सैल पडला होता. ती काहीच करत नव्हती, आणि याची तिने स्वतःच्या बोटांकडे पाहून खात्री करून घेतली.

देवकाबाईंच्या मुठी उघडल्या.

गोधडी हर्षाच्या पायाशी येऊन थांबली. खोलीत कोणी रडलं नाही. देवकाबाईंनी पदराने नाक पुसलं, भिंतीला धरून उठल्या, आणि पुढच्या खोलीच्या दाराकडे मान वळवून बराच वेळ कान देऊन उभ्या राहिल्या. हर्षानेही कान दिला. तिला काही ऐकू आलं नाही. पण पुढच्या खोलीतून गार हवेचा एक पट्टा येऊन तिच्या घोट्यांना लागला आणि मागच्या दाराकडे निघाला.

"समजलं तिच्या बापाले," देवकाबाई कुजबुजल्या. "तिच्यामागं जाईन तो. तवाबी टेसनवर जाऊन बसला होता, पोरगी पळून जाईन म्हणून." त्यांचा चेहरा एकदम वेगळा झाला, हिशेबी, घाईचा. "सुई दे. लांब धागा लावून दे, मले भोक दिसत नाही."

हर्षाने सुई ओवून दिली. देवकाबाई पुढच्या खोलीत गेल्या, पेटीवरची पांढरी गोधडी मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसल्या, आणि मधल्या कोऱ्या जागेत त्यांनी पहिला टाका घातला. टाका सरळ होता. दुसरा. तिसरा. दाराजवळचं कॅलेंडर भिंतीवर जोरात आपटलं. देवकाबाईंनी वर पाहिलं नाही.

"जहाज किती दिवसाचं म्हणली?"

"पाच. जाऊन-येऊन नऊ लागतील."

"त्या पोरीले तिकडंच उसवजो. पानी चांगलं मोठं असलं म्हंजे." सुई आत गेली, बाहेर आली. "तंवर मी उठत नाही."

शेवटची गाठ मारून त्यांनी धागा दाताने तोडला. तशी पांढरी गोधडी त्यांच्या मांडीवर जराशी खाली बसली, मग आणखी जराशी. त्यांचे गुडघे फाकू लागले. हर्षा धावली तर त्यांनी हाताने तिला थांबवलं, दोन्ही कोपरं कापडावर रोवली आणि सगळा भार वरून टाकला.

"बॅग भर," त्या म्हणाल्या.