रहीमभाऊंनी काढून दिलेला पेन

मी एक जुना पेन आहे, असं वरोऱ्याच्या शाळेतली पोरं म्हणतात. म्हणोत बापडी. आफ्रीन मला कंपासपेटीत घालून नेते, तेव्हा मला झटकून वहीवर रेघ ओढून बघायची हौस प्रत्येकाला असते. मित्रांनो, उगाच माझं टोक झिजवू नका. माझ्यात शाईचा थेंबही कधी शिरलेला नाही. मी लिहिणारा पेन नाही, मोजणारा आहे. आणि मोजलेलं कुणी लिहून ठेवलं नाही, तर मोजणाऱ्याला विचारतो कोण?

माझं एक टोक डोळ्याला लावून दुसरं उजेडाकडं धरलं, की आत आकड्यांची पट्टी दिसते. मी धडधाकट होतो तेव्हा त्या पट्टीवर केसाएवढी बारीक रेघही दिसायची. अणुवीज केंद्रात काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर किरण पडले, की ती रेघ शून्यापासून पुढं सरकायची. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नाही, अंगावर पडले तर चटकाही बसत नाही, म्हणून माझी गरज. रोज सकाळी मला यंत्रावर ठेवून रेघ शून्यावर आणायची, कामगाराच्या खिशाला लावायचं आणि संध्याकाळी आकडा बघून त्याच्या नावापुढं वहीत लिहायचा. आकडा ठरलेल्या हद्दीला टेकला, की त्या माणसाला आतल्या कामावरून उठवायचं. नियम चांगला होता. फक्त तो कुणीतरी पाळायला हवा होता.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची. ते केंद्र इथून फार लांब, समुद्राकाठी. वर्षातून एकदा तिथली यंत्रं बंद करून दुरुस्ती चाले, त्याला शटडाऊन म्हणत. तेवढ्या दीड महिन्यासाठी ठेकेदार कुठकुठून माणसं गोळा करी. आमच्या ठेकेदाराचा मुकादम होता गुणवंतराव. त्यानं वरोरा-माजरीकडची पंधरा माणसं रेल्वेत बसवून आणली. त्यांत आफ्रीनचे अब्बा होते, रहीमभाऊ. माजरीच्या खाणीतले पंप दुरुस्त करून तयार झालेला फिटर. अडलेला बोल्ट त्यांना बघूनच ढिला होतो, असं लोक चेष्टेनं म्हणत. त्यांच्या शेजारी झोपायचा प्रफुल, वरोऱ्याजवळच्या खेड्यातला. लग्नाला जेमतेम चार महिने झालेले. बायकोची, मंजुषाची, आठवण आली की तो आधी रडवेला व्हायचा आणि मग दुप्पट जेवायचा.

पहिल्या दिवशी या माणसांना अर्धा दिवस बसवून सगळं समजावून सांगायचं, असा कागद होता. गुणवंतरावानं कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि समजावलं ते एवढंच, "हा पेन छातीवर असला का किरणाईची मजाल नाई. जपून ठेवा, बस्स!"

खोटं, साफ खोटं! मला वाचा असती तर तिथंच ओरडलो असतो. मी कुणाला वाचवत नाही हो, मी नुसता मोजतो. वजनकाट्यावर उभं राहून कुणी बारीक झालंय का?

पण माणसांनी विश्वास ठेवला. प्रफुल त्याचा पेन रोज सकाळी कपाळाला लावून मगच खिशाला अडकवायचा. रहीमभाऊंच्या गळ्यात त्यांच्या बायकोनं, कहकशाँभाभींनी, बांधलेला तावीज होता, ते मला बरोबर त्याच्याशेजारी लावायचे. मित्रांनो, खरं सांगतो, तो मान मला आवडायचा. आज त्याची लाज वाटते.

सतराव्या दिवशी आतल्या एका खोलीतला गळका व्हॉल्व्ह आवळायचा होता. त्या खोलीत किरण एवढे, की माणसानं दोन मिनिटांच्या वर थांबायचं नाही. पाळी प्रफुलची होती. पांढऱ्या झग्याचे बंद त्यानं दोनदा चुकीचे बांधले. रहीमभाऊंनी ते पाहिलं आणि महिन्याचे किरण मोजणाऱ्या बिल्ल्यासकट मला स्वतःच्या छातीवरून काढून त्याच्या खिशाला लावलं.

"घे बे, दोन-दोन लाव. मले तावीज हाये."

"आन् तुमाले काही झालं तं, रहीमभाऊ?"

"मले काय होते? मी तं बाहेरच उभा राह्यतो."

प्रफुल आत गेला आणि दोन मिनिटांनी घामाघूम होऊन बाहेर आला. बोल्ट फिरला नव्हता. गुणवंतराव घड्याळाकडं बघत होता. आत जाणाऱ्याचा पेन आणि वेळ तपासणारा दारावरचा मोजणीवाला नेमका पलीकडच्या दाराला गेलेला. "रहीम, तूच जा," गुणवंतराव म्हणाला, "तुह्याबिगर नाई व्हत." रहीमभाऊंनी पाना उचलला आणि ते आत गेले. घाईत मला परत घ्यायचं राहिलं, गळ्यात फक्त तावीज होता.

मी बाहेर प्रफुलच्या खिशात. भिंतीवरच्या घड्याळात अकरा मिनिटं गेली. माझी रेघ जागची हलली नाही. आत रहीमभाऊंनी किती किरण घेतले, ते जगातल्या कुठल्याच पेनानं मोजलं नाही. बोल्ट मात्र आवळला गेला.

संध्याकाळी तपासणीत प्रफुलच्या खिशाला दोन पेन निघाले. केंद्राच्या साहेबानं आवाज चढवला, प्रफुल गुणवंतरावाकडं बघू लागला. गुणवंतरावानं घाईनं मला ओढलं आणि मी सिमेंटवर आपटलो. माझ्या पोटातलं काहीतरी कायमचं बिघडलं. मग गुणवंतरावानं प्रफुलला कोपऱ्यात नेलं. रहीमभाऊ तेव्हा अंग धुवायला गेले होते.

"लिही," तो म्हणाला. "रहीम आज रजेवर व्हता. त्याचा पेन मी न इचारता घेतला. नाईतं पंधराच्या पंधरा जणाईले उद्या गाडीत बसवतीन. चालते?"

प्रफुलनं लिहिलं. सहीसुद्धा केली. रहीमभाऊंना त्यानं हे सांगितलं नाही.

माझी रेघ आता शून्यावर टिकेना, तेव्हा स्टोअरवाल्यानं मला भंगारात टाकलं. शटडाऊन संपल्यावर रहीमभाऊंनी मला मागून घेतलं. "आमच्या लेकीले खेळाले व्हते," म्हणाले. असा मी वरोऱ्याला आलो.

सात वर्षं बरी गेली. मग रहीमभाऊंच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, ताप उतरेना. नागपूरच्या डॉक्टरांनी रक्ताचा आजार सांगितला आणि विचारलं, "केंद्रात किती किरण लागले? तो कागद आणा. तुम्ही तिथं काम करताना किरण घेतले हे दिसलं, तर पुढच्या इलाजाच्या खर्चासाठी केंद्राकडं अर्ज करता येईल." आजार त्यामुळंच झाला असं ते म्हणाले नाहीत. त्यांना फक्त आकडा हवा होता. घरात मोठी आशा पालवली. पत्र गेलं, दोन महिन्यांनी उत्तर आलं. आठ वर्षांच्या आफ्रीननं ते मोठ्यानं वाचलं. बाकीच्या दिवसांचे आकडे किरकोळ होते. 'त्या' दिवसापुढं लिहिलं होतं, रजा. सोबत प्रफुलच्या हातची कबुली.

"अब्बा, तुम्ही त्या दिवशी रजेवर होते?"

"नाई बेटा," रहीमभाऊ म्हणाले, आणि त्यांनी ती कबुली तिच्याकडून पुन्हा वाचून घेतली.

निरोप मिळताच प्रफुल आला. पिशवीत तूरडाळ आणली होती, ती हातातच राहिली. "मी आता खरं सांगतो, रहीमभाऊ. लिहून देतो."

"तवा काऊन नाई सांगतलं बे?" रहीमभाऊंनी विचारलं. "मी तुले माह्या छातीवरचा पेन देल्ला व्हता." आणि त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. कहकशाँभाभींनी चहासुद्धा विचारला नाही. मलाही त्या वेळी ते बरंच वाटलं.

प्रफुलनं नवा कागद लिहिला. केंद्राचं उत्तर आलं, आधीच्या कबुलीशी हे जुळत नाही. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय! गुणवंतरावानं तर कानांवर हात ठेवले. त्याला म्हणे रहीम नावाचा कुणी आठवतच नव्हता. त्या वर्षीची ईद रहीमभाऊंनी पाहिली नाही.

प्रफुल अजूनही दर वर्षी तूरडाळ घेऊन येतो. भाभी ती ठेवून घेतात, चहा अजूनही विचारत नाहीत. तो ओसरीवर बसून मला डोळ्याला लावतो. गेल्या खेपेला म्हणाला, "नुसते आकडेच दिसते, आफ्रीन. रेघ कुठी गेली?"

आफ्रीन आता आठवीत आहे. ती म्हणाली, "पडल्यापासून ती टिकतच नाई ना, काका. शून्यावर असती तं दिसली असती. ती पट्टीच्या पल्याड गेली."

प्रफुलनं मला खाली ठेवलं आणि तो उठला.

मित्रांनो, मला खेळायला घ्या, माझी ना नाही. पण मोठे झालात आणि कामाच्या जागी कुणी तुमच्या छातीला काही लावलं, तर आधी विचारा, हे वाचवतं का नुसतं मोजतं? ते दुसऱ्याला देऊ नका, जिवलगालाही नाही. आणि संध्याकाळी आपल्या नावापुढं काय लिहिलं, ते स्वतः वाचून या. रहीमभाऊंच्या नावापुढं त्या दिवशी अजूनही एकच शब्द आहे. रजा.