पान दोनशे बारावरचं एक वाक्य

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड आणि खोटारडा ग्रंथ आहे. परराष्ट्र धोरणावरचा. पाठीवर सोनेरी अक्षरं, आत सहाशे पानं. मला लिहिणारे साहेब शेजारच्या देशात आपले राजदूत होते. त्यांच्या डोळ्यांदेखत लढाई पेटली. निवृत्तीनंतर त्यांनी मला लिहिलं आणि लढाईचं खापर कचेरीतल्या तार-कारकुनावर फोडलं. पान दोनशे बारा : 'आम्ही बोलणी करायला तयार आहोत, हा शेजाऱ्यांचा निरोप कारकुनाच्या आळसामुळे दोन दिवस पडून राहिला.' एकच वाक्य. पण छापलेलं!

माझं काय कौतुक झालं! वर्तमानपत्रांनी न वाचताच वाहवा केली. वाचनालयाने मला दर्शनी कपाटात बसवलं. वक्तृत्व स्पर्धेतली मुलं ते वाक्य घोकून बक्षिसाच्या ढाली घेऊन गेली. एका प्राध्यापकाने ते उतरवलं, त्याच्यावरून दुसऱ्याने. दहा जणांनी लिहिलं म्हणून खरं! अरे, दहा जण एकाच विहिरीचं पाणी प्यायले म्हणून विहिरी दहा होतात का?

तो कारकून याच गावात राहायचा. न्हाव्याच्या दुकानात लोक विचारायचे, "काय झोपाळूशेठ, आज कुठलं युद्ध लावलंत?" म्हातारा अर्धी दाढी टाकून उठायचा. शेवटी त्याने घराबाहेर पडणंच सोडलं.

एक दिवस त्याची मुलगी वाचनालयात आली. शिंपीण. गळ्यातली मापाची टेप काढायचंही भान नव्हतं. तिने माझ्या सोन्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शिवण बघायला कपडा उलटा करतात, तसं तिने मला मागून उघडलं. तिथे संदर्भांची यादी असते, मित्रांनो. तुम्ही तिकडे फिरकत नाही. पान दोनशे बाराला आधार काय? 'लेखकाची आठवण.' बस्स! ज्याच्या अंगाशी येणार, तोच साक्षीदार.

"यावर शेजारच्या देशातल्या कुणी लिहिलंय का, काका?" तिने ग्रंथपालांना विचारलं.

"आहे एक. पण ते शत्रूचं पुस्तक आहे, ताई."

"मला सोयरीक नाही जुळवायची. वाचायचंय."

तळाच्या फळीवरून एक बारकं, धुळकट भाषांतर निघालं. तिने तेही डोळे मिटून मानलं नाही. "हाही आपलेच ढोल बडवतोय," ती पुटपुटली. पण त्यात एका पोचपावतीचा फोटो होता. निरोप सोमवारी संध्याकाळी, साहेब गाडीत बसताना त्यांच्या हाती दिला होता. खाली त्यांची सही. मग तिने मला पुन्हा चाळलं. पान एकशे नव्वदवर फुशारकी : 'माझ्या हुकुमाशिवाय एकही तार जात नसे.' दोनशे सातवर : 'सोमवारी संध्याकाळी तळ्याकाठच्या बंगल्यावर गेलो, तो बुधवारी परतलो. मासे झकास गावले.'

निरोप साहेबांच्या खिशात पडून होता! माझ्याच पोटात होतं सगळं. इतक्या वर्षांत एकाही शहाण्याला तीन पानं शेजारी ठेवून वाचता आली नाहीत.

"दोन्ही द्या. बाबांना दाखवायचीत."

"एका कार्डावर एकच पुस्तक. नियम आहे."

तिने गळ्यातली टेप काढली, आम्हा दोघांना करकचून बांधलं आणि म्हणाली, "हे घ्या एक." ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिलं आणि एकच शिक्का मारला.

म्हातारा दिवसभर वाचत बसला. फोटोतल्या सहीवर बोट ठेवून हळूच म्हणाला, "छापलेलं होतं ना गं. मलाही वाटायला लागलं होतं, आपल्यालाच झोप लागली असेल."

ते ऐकून माझी पानं जळली नाहीत, याचंच मला आश्चर्य वाटतं.

आम्ही परत आल्यावर ग्रंथपालांनी आम्हाला सुतळीने बांधून ठेवलं. काल एक मास्तर आले. गाठ सोडली, बारक्याला टेबलावर टाकलं आणि म्हणाले, "भाषणापुरतं हे जाडं पुरे." आता मी त्यांच्या पिशवीत आहे.

मित्रांनो, ते भाषण तुमच्यापैकीच कुणाच्या तरी तोंडी येणार आहे. माझी पानं दुमडू नका, मला कव्हर घाला, असली विनवणी मी करणार नाही. फाडलंत तरी चालेल. पण पाठ करण्याआधी उभे राहा आणि मास्तरांना विचारा, "दुसरं पुस्तक कुठंय?" उत्तर आलं नाही, तर तोंड उघडू नका.