उजवीकडं ओढून खाली

संपतनं बायकोला नव्या गाडीबद्दल सगळं सांगितलं होतं, फक्त जे सांगायला हवं होतं तेवढं सोडून. नवी म्हणजे त्यांच्या दारात नवी, बाकी एकाची वापरून झालेली. सहा गिअर आहेत, हायवेला सहावा टाकला की इंजिन झोपल्यासारखं चालतं, डिझेल वाचतं, हे त्यानं तळेगाव ढमढेऱ्यात भेटेल त्याला ऐकवलं. गिअरच्या मुठीवर हौसेनं लेदरचं कव्हर चढवलं आणि खाली दोरीनं करकचून बांधलं. माया गाडी नेते म्हणाली तेव्हा म्हणाला, तू आपली चौथ्यापर्यंत जा, बाकी सगळं जुन्या व्हॅनसारखंच. आणि कुरकुंभला पहिल्या पाळीला निघून गेला.

माया व्हॅनवरच शिकलेली. पुढचे चार गिअर, आणि मागं घ्यायचं तर दांडी उजवीकडं ओढून खाली. बारा वर्षं तिनं व्हॅनमधून भाजी बाजाराला नेली, हाताला ते पाठच झालेलं. नवी गाडी संपतनं तोंड रस्त्याकडं करून लावून ठेवली होती, त्यामुळं सकाळी मागं घ्यायची वेळच आली नाही.

कासुर्डीला भाचीचा, सायलीचा साखरपुडा होता, अकराचा मुहूर्त. शेजारच्या सीटवर सासू कस्तुराबाई, मांडीवर पानाची चंची. सुनेच्या गाडी चालवण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता आणि तो त्या लपवतही नव्हत्या. इंजिन असं कण्हतंय का, इथपासून त्यांची सुरुवात. आता पाचवा-सहावा मागणाऱ्या गाडीला चौथ्यावर रेटलं तर ती कण्हणार नाही तर काय करणार! घरातूनच उशीर झालेला, पुलावरून जायचं तर मोठा वळसा. म्हणून मायानं भीमेवरच्या बंधाऱ्याचा रस्ता धरला, सगळा गाव धरतो तसा.

बंधारा म्हणजे एक गाडी जेमतेम मावेल एवढा स्लॅब. कठडा नाही, काही नाही. रस्ता बंद असला की गावकरी तोंडाशी बाभळीच्या काट्या टाकतात, पाटीबिटी कोण लावत बसतंय. त्या दिवशी काट्या होत्या, पण बाजूला सारलेल्या. मायाला वाटलं, खुला झाला रस्ता. कुणी मेला दुचाकीवाला आपल्यापुरत्या सारून गेला होता आणि परत ओढायच्या विसरला होता.

बंधाऱ्याचे ढापे, म्हणजे पाणी अडवायच्या लोखंडी फळ्या, बसवून झाले होते, त्यामुळं उजवीकडं पाणी काठोकाठ, हिरवंगार. डावीकडं दोन पुरुष खाली नुसते खडक. माया दुसऱ्यावर हळूहळू निघाली. पलीकडचं टोक जवळ आलं आणि तिनं कचकन ब्रेक दाबला. पुरानं तिथला स्लॅब खचवला होता. गाडी उभी होती तिथूनच उतार सुरू होत होता, आणि दहा हातांवर उताराच्या शेवटी खिंडार. कडेला दुचाकीपुरती पट्टी तेवढी उरलेली.

घेऊ मागं, त्यात काय, असं सासूला म्हणत तिनं दांडी उजवीकडं ओढून खाली घेतली. गिअर सुरळीत पडला. चढावर मागं जायचंय म्हणून पाय जरा जास्तच दाबला आणि क्लच सोडला. गाडी थरथरली, दोन हात पुढं सरकली आणि बंद पडली.

गिअर नीट पडला नसेल. तिनं परत तेच केलं, नीट, जोर लावून. गाडी परत पुढं गेली. या वेळी बंद पडायच्या आत चार हात गेली, आणि ब्रेक लागला तेव्हा बॉनेटच्या पुढं रस्ता दिसेनासा झाला होता. समोर नुसतं पलीकडच्या काठावरचं उसाचं शेत दिसत होतं.

हँडब्रेक सैल, ब्रेकवरचा पाय जरा हलला की गाडी पुढं ओढ घ्यायची. तो एक पाय दोघींना धरून होता. संपतला फोन लावा म्हणून तिनं सासूला सांगितलं. फोन वाजून वाजून थांबला. कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत, तो गेटवरच्या कप्प्यात पडलेला.

"आत्या, तुम्ही उतरा. गाडीला धरून धरून मागं जा."

कस्तुराबाईंनी दाराच्या काचेतून खाली खडकांकडं बघितलं, मग सुनेच्या पायाकडं.

"मी न्हाई उतरायची. उतरले तर संपतला सांगू काय?"



व्हॅनच्या मुठीवर गिअरचं चित्र होतं, तसं याही मुठीवर असणार, हे तिला सुचलं. पण वर ते लेदर! दोरीची गाठ नखांनी सुटेना. कस्तुराबाईंनी चंचीतून अडकित्ता काढला आणि सुपारी कातरावी तशी दोरी कातरली.

मायानं कव्हर ओढून काढलं आणि चित्र बघितलं. उजवीकडं खाली सहा. दोनदा तिनं हायवेचा गिअर टाकला होता. सहाव्यात उचलायची ताकद नसते, म्हणून गाडी बंद पडत होती, म्हणून त्या दोघी अजून वर होत्या. मागं घ्यायचा गिअर पार डावीकडं वर होता, पहिल्याला अगदी लागून. आणि पहिला बंद पडत नाही, पहिला ओढून नेतो. हात बोटभर चुकला की संपलं.

तिनं गाडी चालू केली आणि दांडी डावीकडं रेटून वर ढकलली. कुठलातरी गिअर पडला. क्लच सोडायचा जीव होईना. कव्हर चढवायच्या आधी संपत अंगणात गाडी मागं घेताना टीं टीं वाजलं होतं, ते तिला आठवत होतं. आता काहीच वाजत नव्हतं. म्हणजे हा पहिलाच. क्लच दाबलेलाच ठेवून तिनं गिअर काढला. परत प्रयत्न केला, परत तेच.

कस्तुराबाई वाकून मुठीखाली बघत होत्या. कव्हरनं आवळून ठेवलेली एक कडी आता मोकळी झाली होती.

"ही बांगडी कशापायी हाय गं? उचलून बघ की."

मायानं दोन बोटांनी कडी वर उचलली आणि दांडी डावीकडं वर नेली. टीं टीं टीं वाजायला लागलं.

क्लच जळल्याचा वास सुटला, पण गाडी मागं चढली. अख्खा बंधारा तिनं मान वळवून, इंचाइंचानं पार केला. कस्तुराबाई डोळे मिटून खंडोबाला हाका मारत होत्या. मागची चाकं मातीला लागली तरी मायाला कळलं नाही, सासूनंच तिच्या मांडीवर थापटून सांगितलं.

ती खाली उतरली. आधी जाऊन तिनं काट्या रस्त्यावर आडव्या ओढल्या, तळहातात काटे घुसले तरी ओढत राहिली. तेवढ्यात फोन वाजला. चहाची सुट्टी झाली होती आणि संपत खुशीत होता.

"काय गं, पोचला का? सहावा टाकून बघितलास का न्हाई?"

"दोनदा टाकला."

"आयला! मग, कशी पळाली?"

"पुढं," माया म्हणाली आणि काट्यांच्या शेजारी मटकन खाली बसली.