पेटीवर शिक्का

दुपारचं घर गप्प होतं. ईशान नुकताच झोपला होता, कुकरही निवला होता, आणि फाटकात बादलीची कडी खण्णकन वाजली. मी उठले नाही. गयाबाई आजी आल्या होत्या. आता पायरी चाचपतील, अंगणातल्या नळाखाली बादली ठेवतील, आणि पाणी कुठवर आलं ते बोट बुडवून बघतील.

आजींना दिसत नाही. कॅम्प-1 मध्ये आमच्याच गल्लीच्या टोकाला त्यांची एक खोली. दारापासून सोळा पावलांवर सरकारी नळ होता, तोवर त्यांना कोणाची गरज नव्हती. निवडणुकीनंतर नाली रुंद केली आणि नळ मेन रोडच्या पलीकडे गेला. पहिल्याच आठवड्यात मोटरसायकलचा धक्का लागून आजी पडल्या. तेव्हापासून आमच्याकडे येतात. पण पुढच्या महिन्यात आम्हीच सेक्टर 10 मधल्या स्टील प्लांटच्या क्वार्टरमध्ये चाललो. मग पाणी कुठून, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही.

विचारू तरी कशी? त्यांचं मत मी टाकलं होतं.

दिसत नसेल तर मत द्यायला सोबत कोणाला तरी नेता येतं. खरं म्हणजे त्यांचा मुलगा शुभम होता. पण आजी म्हणाल्या, "तो दुसऱ्या पार्टीच्या मटनाले जाऊन आला वो. मारीन आपल्या मनाचा शिक्का. तू शिकेल हायेस, तू चाल."

ईशान तेव्हा दीड महिन्याचा. दूध भरून आलेलं, पदर ओला व्हायच्या आत घरी पळावं असं झालेलं. आजी मात्र लग्नाला निघाल्यासारख्या सावकाश चालत होत्या.

"पेटीवर मारजो. त्या बाईनं माह्या हातात हात देऊन सांगतलं, आजी, तुमचा नळ हालू देनार नाही."

"बरं," मी म्हटलं. आमच्या वार्डात चौघी बायका उभ्या होत्या आणि नळाचं तर चौघींनीही सांगितलं होतं.

आत मी फॉर्मवर सही केली. आजी सांगतील तिथंच शिक्का मारीन, कोणाला सांगणार नाही. मग मतपत्रिकेचा कागद उघडला. हारमोनियमचं चित्र दिसलं आणि मी शिक्का मारला. आमच्या दुर्गच्या घरी बाबा रोज संध्याकाळी वाजवायचे ती पेटी. लग्नात त्यांनी मला दिली तीही पेटीच.

"मारला?"

"मारला, आजी."

"पेटीवरच ना?"

"पेटीवरच."

त्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलाशी कडाकडा बोटं मोडली.

निकालाच्या दिवशी मी माझ्या थोरलीला, मधूला, घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हटलं, पेटी जिंकली, आजी खूश असतील. त्या खाटेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या.

"आपली हारली वो. दोन मतानं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्या मधूला म्हणाल्या, "जाय वं, पेटीतून खडीसाखर आन. हारली तरी लेकराचं तोंड गोड करा लागते."

मधू खोलीभर फिरली. "पेटी किधर है, आजी? इथं तर संदूक आहे."

"तेच वं, पेटी!"

कोपऱ्यात पत्र्याची ट्रंक होती. आजींचे यजमान मारोतराव भंडाऱ्याहून प्लांटात लागले तेव्हा हीच डोक्यावर आणली होती म्हणे. आठवडाभर ऑटोवरचा भोंगा "संदूक छाप, संदूक छाप" ओरडत होता, आजींच्या त्या बाईंच्या, कौशल्याबाईंच्या नावानं. मी ते हिंदीत ऐकलं आणि हिंदीतच सोडून दिलं.

जिंकली हारमोनियम. दोन मतांनी. माझं ते एक मत इकडून उचलून तिकडे ठेवलं तर बरोबरी होते. बरोबरीत म्हणे चिठ्ठी काढतात. ती कोणाची निघाली असती? आणि कौशल्याबाईंनी तरी नळ राखला असता का? भाजी चिरताना, लंगोट वाळत घालताना मी हे पुन्हा पुन्हा मांडते आणि दर वेळी वेगळंच काही निघतं. सही केली होती, कोणाला सांगणार नाही. पण ज्याचं मत त्यालाही सांगायचं नाही का? हे कोणाला विचारायचं, तेही कळत नाही.

आजी मात्र गल्लीभर सांगतात, "माह्यं मत तं बरोबर पडलं होतं. बाकीच्यायनं घात केला."

आज सामान बांधायला पेटी बाहेर काढली होती. बादलीच्या आवाजानं मधू तिच्याजवळून उठली नाही, उलट भाता ओढून दोन सूर दाबले. अंगणातून आजींनी मान वळवली.

"हे काय वाजलं वं?"

"पेटी, आजी!"

"हट्, हा तं बाजा होय. पेटी तं माह्या घरी हाये." आजी हसल्या. "विचार तुह्या मायले. पेटीवर माह्या नावाचा शिक्का तिनंच तं मारला होता. तुम्ही चालले सेक्टरात, पन म्या सगळ्यायले सांगून ठेवलं, तसं इमानाचं मानूस पुन्हा भेटनार नाही."

आत ईशान कुसकुसला. मी उठायला हवं होतं. मधूनं एकदा आमच्या पेटीकडे पाहिलं, एकदा आजींकडे. बादली भरून पाणी काठावरून वाहत होतं, तरी आजींचं बोट पाण्यातच होतं.

"आई," मधू म्हणाली, "ठप्पा तू कोणत्या पेटीवर मारला होता? आजीच्या, की आपल्या?"