चार मात्रांची शांतता

ती सिंफनी फारशी कुणी वाजवत नसे. तिच्या जेमतेम चार रेकॉर्ड निघाल्या होत्या. त्यांतली कोणती सरस, हे लेकीला मासिकासाठी लिहायचं होतं. स्वरलिपी मांडीवर घेऊन ती सकाळपासून ऐकत बसली होती.

पहिल्या रेकॉर्डमध्ये ओबो, ते सनईसारखं पाश्चात्त्य वाद्य, तिच्या बाबांनी वाजवला होता. संथ भागात चार मात्रा थांबायचं, तर ते दोनच थांबले. रेकॉर्ड बाजारात गेल्यावर ते लक्षात आलं आणि वाद्यवृंदाच्या संचालकाने सगळं खापर बाबांवर फोडून त्यांना घरी बसवलं. त्यानंतर पस्तीस वर्षं त्यांनी ओबोला हात लावला नाही. घरात या सिंफनीचं नाव काढायची सोय नव्हती.

दुसऱ्या रेकॉर्डमध्येही ओबो दोनच मात्रा थांबला. तिसऱ्यातही. चौथ्यातही दोनच. सगळे बाबांची रेकॉर्ड ऐकूनच शिकले होते. स्वरलिपीचा कागद कुणी धड बघितलाच नव्हता.

तिने बाबांना हाताला धरून आणून बसवलं आणि चौथी रेकॉर्ड पुन्हा लावली. त्यांचं बोट आपोआप खुर्चीच्या हातावर मात्रा मोजू लागलं. एक, दोन... आणि ओबो आला.

"बंद कर ते!" बाबा कडाडले. "माझी लाज मलाच ऐकवतेस?"

"बाबा, हे तुम्ही नाही. हे गेल्या वर्षीचं आहे. आता सगळे असंच वाजवतात."

बाबांनी रेकॉर्डचं वेष्टन हातात घेऊन त्यावरचं ओबो वाजवणाऱ्याचं नाव वाचलं. मग हळूच म्हणाले, "त्याला काढून नाही ना टाकलं गं?"